फाटकातली खोटी नवरी

लसणाचा मुकुट या वेळी जरा जास्तच घट्ट झाला होता.

"वन्सं, मान सरळ धरा. गड्डा निसटतोय," फिरुत्सा म्हणाली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द टाचण्यांच्या फटींतून वाट काढत येत होते.

"लहान गड्डे घ्यायचे होतेस गं. हा मुकुट आहे की भाजीचा ठेला?"

"लहान गड्डे डुकराच्या रश्शात गेले. पाहुणे किती आलेत बघितलंत का?"

पालागाने बघितलं होतं. तिची खोली फाटकाला लागूनच. गावात कोण आलं, कोण गेलं याची पहिली बातमी तिच्या खिडकीला आणि दुसरी पाद्रीबाबांना. तिवादारांच्या, म्हणजे पालागाच्या घरच्या, त्या ओकच्या फाटकाबद्दल गावात बरंच सांगतात. पणजोबांनी ते एकाच कुऱ्हाडीने कोरलं आणि कोरायच्या नादात खांबातला सुतारपक्षी आतच राहून गेला, तो अजून थंडीत टकटक करतो, वगैरे. ज्याला पटेल त्याने खांबाला कान लावावा. आजच्यापुरतं एवढंच लक्षात ठेवायचं, की या फाटकातून खरी नवरी बाहेर पडायच्या आधी खोटी पडते.

नवरदेवाची वरात दाराशी आली की घरातलीच एखादी म्हातारी नटवून पुढे करायची. तोंडावर खिडकीचा पडदा, डोक्यावर लसूण, गळ्यात लाल मिरच्यांची माळ, हातात गुच्छाच्या जागी खराटा. नवरदेवाने ओरडायचं, "ही नको!" असं तीनदा झालं की खोटीला होरिंकाचा पेला पाजायचा, आलुबुखाराची ती दारू नाकातोंडातून जाळ काढत उतरली की तिला हसत हसत आत पिटाळायचं, आणि मग खरी बाहेर आणायची.

पालागाइतकी चांगली खोटी नवरी इझा नदीच्या खोऱ्यात दुसरी नव्हती. लांबलांबून बोलावणी यायची. खरी नवरी होण्याचा योग तिच्या आयुष्यात आला नाही, पण खोटी म्हणून ती इतक्या फाटकांतून नाकारली गेली होती, की पहिल्यांदा नाकारणाऱ्यांचे नातूसुद्धा आता तिला नाकारून संसाराला लागले होते.

"पेटी भरली?" फिरुत्साने हळूच विचारलं.

"भरली."

"जाडे मोजे घातलेत?"

"घातले."

"इलिंकाला काही…"

"नाही बोलले. तुझ्या पोरीचं लग्न मी कशाला नासवू?"

फिरुत्साने पुढची टाचणी लावली. पेटी पलंगाखाली होती आणि दोघी पलंगाकडे न बघायची काळजी घेत होत्या. लग्न उरकलं की सोमवारी धाकटा भाऊ तोआदेर आपल्या मोटारीतून मोठ्या बहिणीला शहरातल्या वृद्धाश्रमात सोडणार होता. खोली चांगली होती म्हणे, खिडकीतून बाग दिसते. गेल्या हिवाळ्यात पालागा गोठ्यात घसरून पडली, ती दूध काढायच्या वेळेपर्यंत तशीच पडून होती. फिरुत्साला ती सापडली तेव्हा गाय तिच्या अंगावर श्वास सोडत उभी होती. त्या दिवसापासून फिरुत्सा रात्री दचकून उठायची. आता लेक नॉर्वेला निघालेली. म्हातारीकडे लक्ष कोण देणार? आणि हो, फाटकाजवळची खोली मोकळी झाली तर पर्यटकांसाठी आणखी एक खोली होईल, हेही फिरुत्साच्या मनात होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माणसाच्या मनात दोन खऱ्या गोष्टी एका पांघरुणात झोपू शकतात.

"वन्सं, घट्ट होतोय का?"

"होऊ दे. पुन्हा कुठे घालायचाय."

फिरुत्साने तिच्या गळ्यात मिरच्यांची माळ घातली आणि डोळे पुसले. मिरच्यांनी डोळे झोंबतात, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

*

आता नवरदेवाबद्दल. आयविंद नॉर्वेचा. तिकडे खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर मोटारी नेणारी बोट चालवायचा, आणि बोटीचं इंजिन दिवसभरात जेवढं बोलायचं त्याच्या निम्मंही स्वतः बोलायचा नाही. उंच इतका, की चर्चमध्ये लग्न लागताना त्याच्या डोक्यावर मुकुट धरण्यासाठी लग्नातला धर्मबाप इलिए गिरणीवाल्याने स्टूल मागवून ठेवलं होतं. इलिंकाच्या प्रेमात पडल्यावर त्याने आमची भाषा शिकायला घेतली. सावकाश बोलायचा, पण एकही शब्द वाया घालवायचा नाही. त्याच्याबरोबर बोटीवरचे दोघे मित्र आले होते. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी होरिंकाला पाणी समजून हात घातला आणि ते अजून इलिएच्या गवताच्या माचीवर झोपलेले होते.

दोन दिवसांपूर्वी हा आयविंद पालागाच्या शेजारी बसून कोंबड्यांची पिसं काढत होता. कोणी सांगितलं नव्हतं. आपणहून येऊन बसला. गप्प माणूस समोर बसला की पालागाच्या जिभेला पंख फुटायचे. तिने त्याला खोट्या नवरीची रीत समजावली, आणि रीत फारच लवकर संपली असं वाटून पुढचं जोडून दिलं.

"एका नवरदेवाने काय केलं माहितेय? नाकारलंच नाही! म्हणाला, पसंत आहे. मग आली पंचाईत. कारण चाल अशी की खोटी पसंत पडली, तर मुलीच्या बापाने तिला सोडवून घ्यायचं. ती मागेल ते देऊन!"

"तिने काय मागितलं?"

"गाय. आणि गाय होती पार वरच्या कुरणात. ती खाली आणेपर्यंत बाईने नवरदेवाचा हात सोडला नाही. दोन दिवस दोघं फाटकात उभी. त्याच्या बुटात कोंबडीने अंडं घातलं."

"हे खरं आहे?"

"कोंबडीचं जरा वाढवलं."

कोंबडीचंच काय, सगळंच वाढवलेलं होतं. असा नवरदेव नव्हता, गाय नव्हती, अशी चालही कुठल्या गावात नव्हती. पिसं उपटता उपटता पालागाने ती घडवली होती, जशी दुसरी एखादी बाई मोजा विणते.

आयविंद बराच वेळ पिसं काढत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही काय मागितलं असतं, आत्या?"

"मी?" पालागा हसली. "मला कोण पसंत करतंय!"

*

रविवारी दुपारी इलिएच्या घरून वरात निघाली. पुढे रंगीत रुमाल आणि घुंगरू शिवलेलं निशाण नाचवणारा पोरगा, मागे ग्रिगा सारंगीवाला (व्हायोलिनला आमच्याकडे सारंगीच म्हणतात), त्याच्या मागे आयविंद. ग्रिगा वयाने पालागाच्याच बरोबरीचा. तिला जिथे जिथे नाकारलं गेलं तिथे बहुतेक ठिकाणी सारंगी त्याचीच होती.

फाटक बंद. आत तिवादार कुटुंब, बाहेर अख्खं गाव, आणि कुंपणावर बसायला मिळेल तितक्या म्हाताऱ्या. नवरीचा बाप, म्हणजे पालागाचा भाऊ गाव्रिला, याच्या पाहुण्यांच्या खोल्यांत उतरलेलं एक जर्मन जोडपं ओसरीवर कॅमेरा रोखून उभं होतं.

"घरात कोण आहे का?" इलिए गरजला. "आमची एक मेंढी चुकून तुमच्या अंगणात शिरलीय!"

"मेंढ्या पुष्कळ आहेत," आतून गाव्रिला ओरडला. "तुमची कुठली?"

"सगळ्यांत देखणी!"

"मग ही घ्या!"

फाटक करकरलं आणि पालागा बाहेर आली. कंबर हलवत, खराटा छातीशी धरून, लाजत. कुंपणावरच्या म्हाताऱ्या हसून एकमेकींच्या मांडीत पडल्या.

"अहाहा! वास बघा कसा सुटलाय!"

"हिला घरी नेलीत तर भुतं गाव सोडून जातील!"

"दात किती आहेत विचारा आधी!"

"आहेत, आहेत," पालागा पडद्यातून म्हणाली. "पेटीत ठेवलेत, जपून."

ग्रिगाने सारंगीवर एक लाडिक तान ओढली. सगळे आयविंदकडे बघू लागले. इथे नवरदेवाचाच आवाज यावा लागतो. इलिएने त्याला कोपराने ढोसलं. "हं. ओरड."

आयविंद पुढे आला. वाकला; त्याला बराच खाली वाकावं लागलं. पडदा दोन बोटांनी वर केला, लसणाखालचा तो सुरकुतलेला चेहरा नीट पाहिला आणि म्हणाला, "पसंत आहे."

गाव हसलं. नवरदेवाने विनोद केला! या मुक्या देवाला विनोद करता येतो, बघा! पण आयविंदने पालागापुढे हात केला, तिने सवयीने कोपर दिलं, आणि तो तिला घेऊन चर्चच्या दिशेने चालू लागला. निशाणवाल्या पोराला कळेना नाचावं की थांबावं. हसणं एका टोकाकडून विझत विझत दुसऱ्या टोकाला पोहोचलं.

"अहो जावईबापू!" तोआदेर धावत आला. शहरातला सूट, शहरातले बूट. "ही खोटी आहे!"

"हो," आयविंद म्हणाला. "कळतं मला."

"मग?"

"खोटी पसंत पडली तर मुलीच्या बापाने सोडवून घ्यायचं. ती मागेल ते देऊन. चाल आहे तुमची."

पालागा पडदा जरा बाजूला करून ग्रिगाकडे बघू लागली. ग्रिगाने तिच्याकडे बघितलं. एवढी वर्षं तिला नाकारताना पाहिलेला माणूस तो. तिच्या चेहऱ्यावरून गोष्ट कुठून आली हे त्याला ओळखू यायला वेळ लागला नाही.

"कसली चाल?" तोआदेर म्हणाला. "दादा, आपल्यात आहे अशी चाल?"

गाव्रिला तिवादारने मागे वळून पाहिलं. ओसरीवरून जर्मन जोडपं टक लावून बघत होतं. रोज संध्याकाळी जेवणानंतर गाव्रिला याच पाहुण्यांना जुन्या चालीरीती सांगायचा; त्यासाठीच लोक त्याच्याकडे उतरायचे. आपल्याला ठाऊक नाही अशी एखादी चाल या खोऱ्यात असू शकते, हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा त्याने फाटक विकलं असतं.

"आहे," तो म्हणाला. "म्हणजे, होती. जुनी आहे."

"माझी आजी सांगायची," इलिएने लगेच मान डोलावली. त्याची गिरणी, त्याचा मान. तो मागे कसा राहील?

"ते गायीचं ना?" कुंपणावरून एक म्हातारी म्हणाली.

"गाय नाही गं, बैल होता," दुसरी म्हणाली. "माझ्या सासूने डोळ्यांनी बघितला."

पालागा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची थाप दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होती, आणि ती वाढूनच परत येत होती.

तोआदेरने शेवटचा उपाय म्हणून सारंगीवाल्याला गाठलं. "ग्रिगाकाका, तुम्ही तरी खरं सांगा. तुम्ही वाजवली नाही असं लग्न नाही इथे."

ग्रिगाने सारंगी हनुवटीखालून काढली. "माझे आजोबा वाजवत होते त्या लग्नात," तो गंभीरपणे म्हणाला. "दोन दिवस. तार तुटली तरी थांबता येईना."

झालं. तोआदेरने खांदे पाडले. "मी तर कधी ऐकली नव्हती."

"तू शहरात राहतोस," गाव्रिला म्हणाला.

"बरं, मग उरका. उगाच पाद्रीबाबा ताटकळतायत. ताई, माग काहीतरी पटकन." मग आवाज खाली करून तो आयविंदला म्हणाला, "तुम्हाला हे सुचलं तरी कसं?"

आयविंदने आवाज खाली केला नाही. तो तसा कधीच करायचा नाही. "सोमवारी यांची पेटी गाडीत ठेवायला तुम्ही मला सांगितलंय," तो म्हणाला. "मी काल उचलून बघितली. जड आहे. तुम्ही म्हणालात तसं तीन दिवस पाहुणचाराला जाणारं माणूस एवढं नेत नाही. मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, इलिंकाला सांगू नका."

नवरीला नटवायला बसवलं होतं त्या वरच्या खिडकीचा पडदा सरकला. "कुठली पेटी?"

"इलिंका! आत हो!" फिरुत्सा अंगणातून ओरडली. "नवरी दिसायची नाही अजून!"

"आई, कुठली पेटी? आत्या, तू कुठे चाललीस?"

पालागाने पडदा तोंडावरून मागे टाकला. "शहरात गं बाळ. आश्रमात. खिडकीतून बाग दिसते."

"आणि मला कधी कळणार होतं?"

निशाणाचे घुंगरू वाऱ्याने एकदा वाजले. मग खिडकीतून शांतपणे शब्द आले. "बाबा, चाल आहे ना? मग आत्याला सोडवून घ्या. मी इथेच बसलेय. मला घाई नाही." पडदा पुन्हा सरकला.

*

गाव्रिला फाटकातून बाहेर आला. अंगावर नवी कोरी लोकरीची बंडी, कपाळावर घाम. बहिणीच्या समोर उभा राहिला, पण बघत होता मिरच्यांच्या माळेकडे.

"बोल ताई. काय पाहिजे?"

तिने काय मागावं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कुंपणावरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकींना टाळ्यासुद्धा देऊन ठेवल्या होत्या. खोली मागेल! फाटकाजवळची खोली, मरेपर्यंत! गावासमोर मागितलेलं गाव्रिलाला द्यावंच लागणार. फिरुत्सा आत दाराला टेकून हेच ऐकायची वाट बघत होती, आणि तिला स्वतःलाच समजत नव्हतं की ते ऐकून आपल्याला राग येईल की सुटल्यासारखं वाटेल.

पालागाच्या जिभेवरही तेच आलं होतं. पण ती भावाकडे बघत राहिली आणि शब्द मागे फिरला. आज खोली मिळेल. उद्या तीच खोली असेल, तोच पलंग, आणि अंगणातून येताजाता घरातली माणसं तिच्या खिडकीकडे कशी बघतील? फाटकात अडवून घेतलेली खोली म्हणजे भाड्याच्या खोलीसारखीच.

"मला पाठवणी पाहिजे," ती म्हणाली.

"काय?"

"घरातून बाई जाते तेव्हा अंगणात गालिचा घालतात. उशी ठेवतात. ती गुडघे टेकते, घराची माफी मागते, आणि घरचा मोठा म्हणतो, जा. तो म्हणाला की मग ती जाते. मी किती पोरींच्या पाठवण्या बघितल्या. सोमवारी मी या घरातून जाणार. पण मला कुणी पाठवलेलं नाही, गाव्रिला. नुसतं न्यायचं ठरलंय."

तोआदेर घसा खाकरून म्हणाला, "ताई, हे लग्न इलिंकाचं आहे."

"गालिचा तिच्यासाठी घातलेलाच आहे. तिच्याआधी मी बसले तर तो झिजणार नाही."

ग्रिगा काही न बोलता फाटकातून आत शिरला आणि अंगणातल्या गालिच्याशी जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे गाव शिरलं. आयविंदने पालागाला कोपराला धरून अलगद खाली बसवलं, जसं कोणी बोटीतून काचेचं सामान उतरवतं, आणि तिचा खराटा हातात धरून बाजूला उभा राहिला. समोरच्या बाकावर गाव्रिला बसला. नवरीचा बाप म्हणून ती जागा आज त्याचीच होती. शेजारी तोआदेर बसला नाही. उभाच राहिला.

ग्रिगाने सारंगी लावली आणि नवरीच्या वतीने म्हणायचे ते शब्द सावकाश म्हणायला सुरुवात केली.

*"उंबऱ्या, माफ कर मला, तुला तुडवत राहिले.*
*विहिरी, माफ कर मला, तुला उपसत राहिले.*
*चुली, माफ कर मला, तुला राखेत झोपवलं…"*

पुढे आईबापांची ओळ येते. ग्रिगा तिथे थांबला. आईबाप केव्हाच वर टेकडीवर चर्चमागे जाऊन झोपले होते, आणि भावांसाठी जुन्या शब्दांत ओळच नव्हती. सारंगी एका सुरावर घुटमळत राहिली.

तेव्हा पालागा स्वतःच म्हणाली, साध्या बोलण्याच्या आवाजात, "गाव्रिला, तोआदेर. माफ करा मला. तुम्हाला मोठं केलं."

कुंपणावरच्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी हुंदका दिला. या भागात पाठवणीला रडायचा रिवाज आहे, पण हा रिवाजाचा नव्हता.

गाव्रिलाला लाल कोट दिसले. आई गेली त्या हिवाळ्यात त्याला आणि तोआदेरला शाळेत जायला कोट नव्हते. पालागाच्या लग्नासाठी आईने विणून ठेवलेल्या लाल लोकरीच्या घोंगड्या होत्या, सणालाच उघडायच्या खोलीत, छतापर्यंत रचलेल्या. पालागाने एक उतरवली, कात्री घेतली आणि दोन कोट शिवले. दुसऱ्या वर्षी पोरं वाढली, मग दुसरी घोंगडी कापली. पोरं वाढतच राहिली. शाळेत सगळे त्या दोघांना कोंबडे म्हणायचे. छतापर्यंतची ती रास संपली तेव्हा मागणी घालायला येणारेही संपले होते, आणि घरात कोणी त्याबद्दल कधी बोललं नव्हतं.

"दादा," तोआदेर हळू म्हणाला, "लोक थांबलेत. म्हण ना, जा."

"तू म्हण."

"मोठा तू आहेस."

"तुझी मोटार नेणार आहे ना तिला? मग तू म्हण."

तोआदेरने तोंड उघडलं. तो शहरात मोठ्या कचेरीत होता, दिवसभर लोकांना काय करायचं ते सांगायचा. त्याने बहिणीच्या डोक्यावरच्या लसणाकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. "माझ्या कोटाला तू खिसे लावले होतेस," तो म्हणाला. "दादाच्या नव्हते." आणि तोंड फिरवून नाक शिंकरायला लागला.

सारंगी अजून त्याच सुरावर होती. गाव्रिलाने गुडघ्यांवर तळवे दाबले.

"मी नाही म्हणत," तो म्हणाला.

"काय नाही म्हणत?" इलिएने विचारलं.

"जा नाही म्हणत. घरच्या मोठ्याने म्हटलं नाही तर बाई उंबरा ओलांडत नाही. ही चाल आहे ना? ही तर खरीच चाल आहे!" हे वाक्य तोंडून निघून गेल्यावर मागची चाल खोटी होती हे कळतंय की काय, असं त्याला वाटून गेलं, पण जर्मन पाहुण्यांना आमची भाषा येत नव्हती आणि गाव्रिलाला आता त्याची फिकीरही नव्हती.

"मग उठव मला," पालागा म्हणाली. "गुडघे मेलेत माझे."

तो उठवायला वाकला, पण त्याच्या आधी फिरुत्सा पोहोचली. तिच्या हाताला पीठ होतं, डोळे सुजले होते, आणि ती संतापलेली होती.

"सगळे भाऊ भाऊ मिळून रडा तुम्ही! आणि हिवाळ्यात या पुन्हा पडल्या म्हणजे? तुम्ही कुरणात, हा शहरात, आणि मी गोठ्यात हाका मारत फिरणार! मला आठवतंय हो ते. तुम्हाला कोणालाच आठवत नाही, मला रोज आठवतं!"

पालागाने तिचा पिठाचा हात धरला. "तू सांग मग," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

फिरुत्साने जरा श्वास घेतला. वर पडद्यामागे लेक ऐकतेय हे तिला ठाऊक होतं.

"इलिंकाची खालची खोली आजपासून रिकामी," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघराला लागून आहे. मधली भिंत पातळ आहे. पडलात, खोकलात, नुसतं कूस बदललीत तरी मला ऐकू येईल. तिथे राहायचं. फाटकाजवळची खोली मला द्यायची. आणि गोठ्यात एकटं जायचं नाही. कबूल?"

पालागाने फाटकाजवळच्या आपल्या खिडकीकडे एकदा बघितलं. तिथून सगळं गाव दिसायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त कोंबड्या दिसतात. "मी घोरते," ती म्हणाली.

"मला माहितेय. फाटकापासून ऐकू येतं."

"मग कबूल."

वरच्या खिडकीतून टाळ्या वाजल्या. फिरुत्साने वर न बघता हात उगारला आणि पडदा लगबगीने मिटला.

*

एवढं झालं तरी घोडं अडलेलंच होतं. नवरदेवाने खोटीला पसंत केलेलं होतं, आणि खरी अजून वरच होती. पाद्रीबाबांकडून दोनदा निरोप आला. इलिए घाम पुसत म्हणाला, "आता यातून सुटायची काही चाल आहे का, ग्रिगा?"

ग्रिगाने पालागाकडे बघितलं. "आहे का गं?"

"आहे की," पालागा म्हणाली. आता तिला थाप मारायला संकोच वाटेना. अख्खं गाव साक्षीला होतं. "सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं."

म्हणून गाव पुन्हा फाटकाबाहेर गेलं. फाटक लावलं. इलिएने पुन्हा मेंढी शोधली, गाव्रिलाने घोगऱ्या आवाजात पुन्हा सगळ्यांत देखणी बाहेर काढली. पालागाने मुकुट ठीक केला, खराटा आयविंदकडून परत घेतला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाळा," ती हळू म्हणाली, "आता नाकार मला. नीट. पोटातून."

आयविंदला ते जड गेलं. त्याच्याकडे पाहूनच कळत होतं. त्याने श्वास भरला आणि खाडीच्या पलीकडच्या काठाला हाक मारावी तसा ओरडला, "ही नको!"

गवताच्या माचीवरचे त्याचे दोघे मित्र दचकून जागे झाले म्हणतात.

"ही नको!" गाव्रिलाच्या घरावरचा करकोचा उठून उडाला.

"ही नको!"

कुंपणावरच्या म्हाताऱ्या पुन्हा एकमेकींच्या मांडीत पडल्या. होरिंकाचा पेला पुढे आला. पालागाने तो एका घोटात रिचवला, मिशा पुसल्यासारखं केलं, आणि फिरुत्सा तिला पाठीवर थापट्या मारत आत ढकलू लागली.

फाटकाखाली आल्यावर पालागा क्षणभर थांबली. केवढी फाटकं, केवढे नवरदेव. हे दोन शब्द तिने आयुष्यभर ऐकले होते आणि प्रत्येक वेळी हसून पेला रिकामा केला होता. ते शब्द तिला आत ढकलतात, बाहेर नाही, हे मात्र कधी लक्षात आलं नव्हतं.

"वन्सं, चला ना," फिरुत्सा म्हणाली. "खरी खाली येतेय."

"आले गं. आधी हा मुकुट काढ. उद्याच्या रश्शाला लसूण लागेल."